माझंच लक्ष नव्हतं

२६ मे १९४६, रविवार

आज आठवडा झाला. उजवा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये आहे. शिवणाचं मशीन कोपऱ्यात चादर टाकून ठेवलंय. सकाळी ह्यांनी त्यावर आपली टोपी ठेवली, ती मी लगेच काढायला लावली. "अगं, टोपीच आहे," म्हणाले. टोपीच होती. पण आज टोपी, उद्या डबा, परवा कंदील, आणि मग ते मशीन राहत नाही, फळी होते.

लिहायला घेतलं कारण हात रिकामे आहेत. माझे हात वीस वर्षांत असे रिकामे राहिलेले नाहीत.

गेल्या रविवारी तुंगार्लीच्या एका बंगल्यात पोलकी पोचवून परत येत होते. पुणे रस्त्यानं, डाव्या कडेनं. डांबर सोडून मातीतून चालत होते, हे मला स्वच्छ आठवतं, कारण चपलेत खडा गेला होता. मागून मोटारीचा आवाज आला. मोटारी येतातच, मे महिना आहे, अर्धी मुंबई लोणावळ्यात उतरलेली असते. मग मी खाली चरात होते आणि पुढं जांभळाच्या झाडाला मोटार लागलेली होती. रावसाहेब इनामदार धावत आले. त्यांच्या हातात थर्मासचं झाकण होतं. माणूस घाबरला की हातातली वस्तू टाकायचीही विसरतो. त्यांच्याच मोटारीनं मला उडवलं होतं. इनामदारांचा वळवणला बंगला आहे, त्यांच्या पत्नीची पोलकी मी चार उन्हाळे शिवते आहे. परक्या माणसाच्या मोटारीखाली आले नाही, असं तेव्हा वाटलं. कशाचाही आधार घेतं मन.

परवा इनामदारांच्या पत्नी, वहिनीसाहेब, घरी आल्या. माझा धाकटा भाऊ बजरंग तेव्हा इथं होता आणि भांडी घासायला बयाबाई आलेली होती. वहिनीसाहेब खाटेच्या काठावर बसल्या, माझा हात धरला आणि रडायला लागल्या. "कस्तुराबाई, तेव्हापासून अन्न गोड लागत नाही हो मला." एवढी मोठी बाई आपल्या दोन खोल्यांत येऊन रडते, ते बघवेना. मी म्हटलं, "असू द्या हो वहिनीसाहेब. माझंच लक्ष नव्हतं."

त्यांनी डोळे पुसले. मग माझी ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण, आणि वर एक निळी साडी. सध्याच्या कापडाच्या कंट्रोलच्या दिवसांत साडी म्हणजे काय ते शिवणाऱ्या बाईला सांगायला नको. मी पडल्या पडल्या पदर पसरला.

त्या गेल्यावर बयाबाई भांडी आपटत म्हणाली, "लक्ष न्हवतं म्हंजी? मोटार काय मुंगी हाय, दिसली न्हाई म्हनाया?"

"बोलायची रीत असते, मावशी. त्या रडत होत्या."

"पाय तुमचा मोडला आन् रडाया त्या." मग थोड्या वेळानं, "आमच्या आंदर मावळात ज्याचा बैल दुसऱ्याच्या भातात शिरला, त्यो म्हनतो चुकलं. तुमची रीत लय उलटी हाय बाई."

बजरंग हसला. मीही हसले. हसलं की पाय दुखतो.


३१ मे

बजरंग आला. टाय लावून आला होता. या उन्हात टाय. पण त्याच्या धंद्यात लागतो म्हणे. वर्षभर झालं त्याला विमा कंपनीचा एजंट होऊन. बंगल्याबंगल्यांतून फिरतो, साहेबलोकांशी इंग्रजीत बोलतो. आई गेली तेव्हा हा चार वर्षांचा होता. माझं लग्न ठरलं तेव्हा मी एकच अट घातली होती, की भाऊ माझ्याबरोबर येईल. ह्यांनी एका शब्दानं नाही म्हटलं नाही. त्याची मॅट्रिकपर्यंतची फी या मशीननं भरली. म्हणून तो टाय सारखा करायला लागला की मला बरं वाटतं.

म्हणाला, "अक्का, रावसाहेबांची मोटार सुटते उद्या गॅरेजमधून. पुढचं सगळं नवीन बसवलं. ओळखू येणार नाही."

"इतक्यात? खर्च फार आला असेल."

"त्यांना कुठं आला? विमा आहे ना. मीच उतरवलेला. माझी पहिली मोटार ती." मग त्यानं मला समजावून सांगितलं. मोटारीचा विमा असला की मालकाच्या स्वतःच्या चुकीनं मोटार फुटली तरी कंपनी भरून देते. चूक कुणाची, हे ती विचारतच नाही. "आणि रावसाहेब माणूस सरळ. दुसऱ्याच दिवशी मला व्हरांड्यात बसवून सांगितलं, 'थर्मास घ्यायला मागं वळलो, चाक मातीत उतरलं.' आडपडदा नाही. नाहीतर काही लोक सांगतात, झाडच रस्त्यात आलं."

मी हसले. खरंच बरं वाटलं ऐकून. माणूस सरळ आहे, तर आपलंही सरळ होईल.

"मग माझ्या पायाचं?" मी विचारलं.

त्यानं टाय सैल केला. "ते कलम वेगळं असतं, अक्का. बघतो मी."

बघेल. त्याच्यावर सोडलं की मला काळजी नसते.


१२ जून

हे काल रावसाहेबांकडे जाऊन आले. रेल्वेच्या मालधक्क्यावरून सुटल्यावर, कोट घालून. दवाखान्याचा खर्च आणि माझं बुडालेलं काम, याबद्दल दोन शब्द बोलायला. रावसाहेबांनी खुर्ची दिली, चहा दिला, पावसाची चौकशी केली, आणि म्हणाले, "बघू या. बजरंगशी बोला, तो आपलाच आहे."

बजरंग म्हणतो, घाई करू नका. रावसाहेबांना दुखवलं तर उलट बिघडेल.

आज तुंगार्लीच्या बंगल्यातून गडी आला. न शिवलेलं कापड परत मागायला. पाठोपाठ खंडाळ्याच्या दोघींचे आले. मी घड्या करून दिल्या. एकीचा तर खडूनं बेतही आखून झाला होता. तो खडू मी झटकला नाही. दुसऱ्या कुणाच्या कात्रीला माझा बेत मिळेल, मिळू दे.

हे वाचलं तर माझं मलाच कळतं की मी रागावले आहे. कुणावर, ते नीट सांगता येत नाही. कापड न्यायला आलेल्या गड्यावर तर नव्हे.


१ जुलै, सोमवार

बजरंग पेढे घेऊन आला. आजपासून नवा कायदा लागू. आता रस्त्यावर मोटार काढायची तर रस्त्यावरच्या माणसाला होणाऱ्या दुखापतीचा विमा उतरवावाच लागेल, नाहीतर गुन्हा. नुसता मोटारीपुरता विमा चालणार नाही. पंधरा दिवस त्याला जेवायला वेळ नाही. लोणावळा, खंडाळा, कामशेतचे भाताचे व्यापारी, सगळे सह्या करताहेत.

"काही काही जण कुरकुर करतात, अक्का. म्हणतात, आम्ही जपून चालवतो, आम्हाला कशाला? मग मी तुझ्या पायाचं सांगतो. माझी सख्खी बहीण, म्हणतो, रस्त्याच्या कडेनं चालली होती, आज खाटेवर आहे. लगेच सही करतात."

ह्यांनी त्याच्याकडे बघितलं. मी पण. त्याला काही लागलं नाही. तो खरोखर खुशीत होता.

मी विचारलं, "रावसाहेबांनीही उतरवला?"

"सगळ्यात आधी."

"आणि गेल्या दिवाळीत त्यांचा पहिला विमा उतरवलास, त्याचं काय? तेव्हा दोन्ही प्रकारचे विमे होते ना रे? तू सांगितलं नव्हतंस त्यांना?"

"होते की. पण दुसरा एक एजंट त्यांना स्वस्तात देत होता. गिऱ्हाईक हातचं जात होतं. मी म्हटलं, 'रावसाहेब, सध्या मोटारीपुरताच घ्या, हप्ता खाली येईल. माणसांचं कलम कायदा आला की घालू.' त्यांना पटलं." आणि पेढ्याचा पुडा माझ्याकडे सरकवला. "तेव्हा कुणाला माहीत होतं, अक्का?"

म्हणजे आता, आजपासून, रावसाहेबांच्या मोटारीखाली जी बाई येईल तिला कंपनी पैसे देईल. मी सहा आठवडे आधी आले.

पेढा हातात होता, तो मी खाल्ला. चांगला आहे म्हटलं. त्याचाच मला आता सगळ्यांत जास्त राग येतोय, की मी तो खाल्ला.


९ जुलै

प्लास्टर काढलं. पाय काठीसारखा झालाय आणि गुडघा वळत नाही. जरासुद्धा नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी दाबून बघितलं तेव्हा मी पदर तोंडात धरला होता. ते म्हणाले, आतून आखडलाय. मुंबईला ऑपरेशन करून मोकळा करता येतो, पण वर्षाच्या आत. नंतर तो असाच राहील.

खर्च सांगितला. हे खिडकीबाहेर बघत राहिले. रेल्वेच्या कारकुनाच्या पगारात बसणारी ती गोष्टच नव्हे.

घरी येऊन मी चादर काढली आणि मशीनवर बसले. उजवा पाय समोर आडवा, मशीनच्या बाहेर. एकट्या डाव्या पायानं पायटा दाबला. चाक एकदा पुढं गेलं, मग उलटं फिरलं, दोरा तटकन तुटला. पुन्हा ओवला. पुन्हा तुटला. बयाबाई दारातून बघत होती. आत जाऊन चूल पेटवायला लागली.


२१ जुलै, रविवार

हे आणि बजरंग रावसाहेबांकडे जाऊन आले. पाऊस धरलेला, दोघे चिंब. मी टॉवेल दिले, चहा ठेवला, भिंतीला धरून उभी राहिले.

शेवटी ह्यांनी सांगितलं. रावसाहेब म्हणाले, "वाईट वाटतं. पण बाईंनीच कबूल केलं होतं की लक्ष नव्हतं. माझ्या घरच्यांच्या तोंडावर, दोन माणसांसमोर. शिवाय आम्ही साडीचोळी करून ओटी भरली, ती त्यांनी घेतली. तेव्हाच विषय मिटला. माझ्या वकिलांचंही तेच म्हणणं आहे."

"तू काय बोललास?" मी बजरंगला विचारलं.

"मी काय बोलणार? तू म्हणाली होतीस ना तसं."

"ती रडत होती, बजरंग."

"ते खरं गं. पण शब्द तर तेच होते."

माझ्या हातातून गाळणी पडली. ह्यांनी ती उचलली, चहा गाळला, मला बसवलं आणि गुडघ्याला तेल लावायला घेतलं. रोज लावतात. डोळे वर न करता म्हणाले, "जाऊ दे. मोठ्यांशी कशाला." मला त्यांचाही राग आला. त्यांच्या तेलाच्या हातांचा, त्यांच्या मऊ बोलण्याचा. असा माणूस मिळाला म्हणून मी देवाला हात जोडते, आणि आज त्याला म्हटलं, "तुम्ही तिथंही असंच बोलला असाल." ते तेल लावत राहिले.

ओटी परत करत नाहीत. कुणी भरायला आलं तर पदर मागं घेत नाहीत. आणि समोरची बाई रडत असेल तर तिला म्हणायचं नाही, की हो, तुमच्याच नवऱ्यानं माझा पाय मोडला. हे मला कुणी शिकवलं नाही, मी बघत बघत शिकले. वहिनीसाहेबही तेच बघत वाढल्या असतील. त्यांना माहीत आहे ते शब्द कसले होते. नक्की माहीत आहे. म्हणून जास्त जळतं.


२२ जुलै

सकाळी भाजी चिरताना हात थांबला. थर्मास.

"थर्मास घ्यायला मागं वळलो, चाक मातीत उतरलं." हे रावसाहेबांनी स्वतःच्या तोंडानं बजरंगला सांगितलं होतं. बजरंगनं मला सांगितलं आणि मी सरळ माणूस म्हणून त्यांचं कौतुक केलं.

मोटारीसाठी ते खरं बोलले, कारण मोटारीला चूक विचारत नाहीत. चूक कबूल केली तरी पैसे कंपनीचे. माझ्यासाठी खरं बोलले तर पैसे त्यांचे. एवढंच. एकाच माणसाच्या एकाच दुपारच्या दोन हकिकती आहेत, एक पत्र्याची आणि एक माझ्या हाडांची. गेल्या दिवाळीत ते दुसरं कलम घेतलं असतं तर एकच राहिली असती.

आणि ते घेऊ नका असं सांगणारा माझ्या हातचं जेवून मोठा झाला.

मी इतके दिवस त्याला मध्यस्थ म्हणून पाठवत होते.


२८ जुलै, रविवार

टांगा करून वळवणला गेले. ह्यांना न सांगता. बयाबाई बरोबर आली, पाय उचलून टांग्यात ठेवायला.

मोटार पोर्चमध्ये होती. काळी, धुतलेली. मी जवळ जाऊन बघितलं. कुठं खरचटल्याची खूणसुद्धा नाही. बयाबाईनं तिच्यावर हात फिरवला. "ह्यिला लय झ्याक डाक्टर गावला."

वहिनीसाहेब बाहेर आल्या. मला बघून त्यांचा चेहरा खरोखर उजळला, मग काळजीत पडला. "अहो, कशाला त्रास घेतलात? बसा, बसा."

"बसता येत नाही मला खाली, वहिनीसाहेब. उभ्यानंच बोलते. त्या दिवशी मी तुम्हाला म्हटलं होतं, माझंच लक्ष नव्हतं. ते खोटं होतं. मी मातीतून चालले होते. तुमची मोटार मातीत आली. रावसाहेब मागं वळून थर्मास घेत होते."

मी आयुष्यात कुणाला असं बोलले नव्हते. आवाज चढला नाही, पण हात पालथे करून मशीनवर ठेवते तसे काठीवर घट्ट दाबले होते.

त्या खांबाला टेकल्या. "पण तुम्ही म्हणालात ना तसं. तेव्हा."

"तुम्ही रडत होतात म्हणून म्हटलं. तुम्हाला ते तेव्हाही कळलं होतं."

त्यांनी मोटारीकडे बघितलं. थर्मास त्यांनीच भरून दिला असेल का, असं माझ्या मनात येऊन गेलं. मग हळूच म्हणाल्या, "आता हे सगळं वकिलांकडे आहे, कस्तुराबाई. माझ्या हातात काही नाही. चहा तरी घ्या."

"नको," मी म्हटलं. चहाला नको म्हणणं मला इतकं जड जाईल असं वाटलं नव्हतं.

टांग्यात बयाबाई म्हणाली, "च्या घ्यायचा व्हता की. आल्याचा वास येत हुता."

मला हसू आलं, आणि मग रडू.


८ ऑगस्ट

वडगावला जाऊन वकिलांना भेटलो. शेवटी हेही आले. मी दारात काठी घेऊन उभी राहिले, तेव्हा त्यांनी कोट चढवला.

वकील वयस्क आहेत. सगळं ऐकून म्हणाले, "विमा नसला तरी जबाबदारी जात नाही, बाई. कायद्यानं इनामदारांनी स्वतः द्यायला हवं. पण स्वतःच्या खिशातून द्यायचं म्हटलं की माणसाला आपली चूक आठवेनाशी होते."

मी विचारलं, "विमा असता तर ते खरं बोलले असते?"

ते हसले. "विमा असता तर कदाचित कंपनी खोटं बोलली असती. ते मात्र खरं बोलले असते."

दावा लावता येईल. पण मोटार कडेला का आली, हे सिद्ध करावं लागेल. रस्त्यावर तेव्हा तिसरं कुणी नव्हतं. कंपनीच्या कागदात मोटार झाडावर आदळली एवढंच असणार. थर्मासचं बोलणं ऐकणारा एकच माणूस आहे.

"तो आमचाच आहे," हे म्हणाले. वकिलांनी मान हलवली, पण समाधानानं नाही.


१८ ऑगस्ट, रविवार

बजरंगला बोलावून घेतलं. सगळं सांगितलं. तो उभाच राहिला.

"अक्का, कंपनी मला काढून टाकेल. गिऱ्हाइकानं विश्वासानं सांगितलेलं कोर्टात बोललो तर लोणावळ्यात माझ्याकडून पोस्टाचं तिकीटसुद्धा कुणी घेणार नाही. रावसाहेबांनीच मला निम्मे बंगले जोडून दिलेत."

"मला गुडघा हवाय, बजरंग. दुसरं काही मागत नाही."

"मग एक कर ना. तू कोर्टात सांग, मी तसं बोललेच नाही. बयाबाई शपथेवर सांगेल. कोण सिद्ध करणार? वहिनीसाहेब कोर्टात यायच्या नाहीत."

"म्हणजे तुला खरं बोलायची भीती वाटते म्हणून मी खोटं बोलायचं."

"तू शब्दात पकडतेस मला."

"मला पकडलं ना शब्दात."

तो निघून गेला. हे मागोमाग छत्री घेऊन गेले, कारण तो छत्री विसरला होता. मला वाटलं, भिजू दे. मग वाटलं, त्याला लहानपणापासून छाती धरते. दोन्ही वाटलं, आणि दोन्हीचा राग आला.


१५ सप्टेंबर

बजरंग आलेला नाही. गौरी-गणपतीतही नाही. मी हातशिलाईची कामं घेते. काजं, तुरपाई, बटणं. मशीनवर एका दिवसात व्हायचं त्याला आठवडा लागतो. दावा दाखल झालाय. वकिलांनी बजरंगचं नाव साक्षीदारांत घातलंय. समन्स निघेल म्हणाले, पण साक्षीदाराला बोलावता येतं, बोलायला लावता येत नाही. त्याला आठवत नाही म्हणाला की संपलं.

हे म्हणतात, "भावाबहिणीचं तुटू नये." मी म्हटलं, "मी तोडलं का?" त्यावर ते तेलाची वाटी घेऊन येतात.


२६ ऑक्टोबर, भाऊबीज

तो येणार नाही असं धरून मी चंद्राला ओवाळायचं ठरवलं होतं. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं. संध्याकाळी दारात चपला वाजल्या. बजरंग. टाय नव्हता.

ह्यांनी नेहमीसारखा पाट मांडला, रांगोळी काढली होती त्यावर. मी म्हटलं, "पाट नको. स्टूल द्या त्याला. पाटावर बसला तर माझा हात पोचत नाही." बजरंगनं तेव्हा पहिल्यांदा माझ्या पायाकडे नीट बघितलं. मी स्वयंपाकघरातून ताट घेऊन आले, पाय ओढत, निरांजन सांभाळत. तो उठायला लागला, मी म्हटलं, बस.

ओवाळायच्या आधीच त्यानं खिशातून पाकीट काढून ताटात ठेवलं. जाड होतं.

"उचल ते," मी म्हटलं.

"अक्का, ऑपरेशनला थोडे तरी..."

"उचल. ओवाळणी मी मागणार आहे. बहिणीला मागता येते."

त्याला कळलं. पाकीट त्यानं उचललं नाही, नुसता हात त्यावर ठेवून बसला. ताट जड झालं.

"लहानपणी तू घरातला कंदील फोडलास तेव्हा मी म्हटलं होतं, माझंच लक्ष नव्हतं. शाळेची फी तू हरवलीस, तेव्हाही. मी सगळ्यांना तेच म्हणत आले. ते खरं नसतं, हे सगळ्या जगात एकाच माणसाला नक्की माहीत आहे. तू ते कोर्टात सांग. आणि व्हरांड्यात जे ऐकलंस ते सांग. एवढीच ओवाळणी घाल."

तो उठला. पाकीट खिशात घातलं आणि दाराशी जाऊन चपला घातल्या. हे बाहेर ओट्यावर होते, त्यांनी वाट सोडली नाही, अडवलीही नाही. निरांजन वाऱ्यानं विझलं. मी तशीच उभी होते. गुडघ्यातून कळ वर येत होती, पण ताट खाली ठेवायचं नाही असं ठरवलं होतं.

पाठमोराच म्हणाला, "रावसाहेब भेटले की विचारतात, अक्का बऱ्या आहेत ना. मी म्हणतो, बऱ्या आहेत."

"आता बघितलंस ना."

शेजारच्या घरात कुणाची तरी ओवाळणी चालली होती, हसण्याचा आवाज येत होता.

"तारीख कोणती आहे?"

"तीन डिसेंबर. मंगळवार."

"मंगळवारी माझा खंडाळ्याचा वार असतो." मग चपला काढल्या. "नाही जात त्या दिवशी."

येऊन स्टुलावर बसला. हे काडेपेटी घेऊन आत आले, वात पुन्हा पेटवली. मी ओवाळलं. ते मायेनं ओवाळणं नव्हतं. त्यालाही ते कळत असावं, कारण त्यानं मान वर केली नाही. कुंकू कपाळाच्या मधोमध लागलं नाही, एका भुवईवर गेलं.

मी ते पुसून पुन्हा लावलं नाही. तो करंजी खाऊन तसाच बाजारातून घरी गेला.